शिक्षकी सोडून कॉमिक्स काढायची आहेत? कोकणात राहून हा बदल कसा करायचा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या शाळांमध्ये हाताला चांगलं वळण असलेले शिक्षक खूप आहेत. फळ्यावर खडूने दोन मिनिटांत होडी, माडाचं बन, वल्हवणारा माणूस काढून दाखवणारे. त्यातल्या ज्यांना हेच काम पोटापाण्यासाठी करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. चित्र कसं काढायचं हे शिकवणारं साहित्य पुष्कळ मिळतं. अडचण येते ती क्रमाची. आधी राजीनामा, मग टॅबलेट खरेदी, मग गोष्टीचा शोध असा उलटा क्रम लागला की वर्षभरात बचत संपते आणि हातात एकही पूर्ण कॉमिक नसतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत.

१. नोकरीत असतानाच आठ पानांचं एक कॉमिक पूर्ण करा

पूर्ण म्हणजे लिहिलेलं, शाई केलेलं, संवाद भरलेलं, छापलेलं आणि पिना मारलेलं. ए-४ चे दोन कागद मधोमध दुमडले की ए-५ आकाराची आठ पानं होतात, म्हणून सुरुवातीला आठच.

सुटी चित्रं कितीही सुंदर असली तरी त्यावरून कॉमिक जमेल की नाही ते कळत नाही. आठ पानांत साधारण चाळीस चौकटी येतात. त्यातल्या तीसेक चौकटींत तेच पात्र समोरून, पाठमोरं, वाकलेलं, धावणारं असं काढावं लागतं आणि प्रत्येक वेळी ते तेच वाटावं लागतं. खरी परीक्षा इथे आहे.

नवख्या माणसाला एका पानाला बारा ते अठरा तास लागतात: कच्चा आराखडा तासभर, पेन्सिल चार-सहा तास, शाई तीन-पाच तास, अक्षरं दोन तास, बाकी स्कॅन आणि साफसफाई. शाळा सांभाळून आठवड्याला दहा तास मिळाले तर आठ पानांना तीन-चार महिने जातात. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीच्या तोंडाशी सुरुवात करा. मार्च-एप्रिलमध्ये पेपर आणि निकालपत्रकं असतात, शिमगा आणि गणपतीत कोकणातल्या घरात टेबलाशी बसणं शक्य नसतं. निवडणुकीचं किंवा जनगणनेचं काम आलं तर सरळ एक महिना वाढवून धरा.

रीतसर शिक्षण हवं असेल तर सावर्डे आणि देवरुख इथे कला महाविद्यालयं आहेत. पण या कामाला पदवी कोणी विचारत नाही, छापलेलं पान विचारतात. एलिमेंट्री-इंटरमीजिएटचा सराव रेषेला उपयोगी पडतो, चौकटीमागून चौकट सांगण्याची सवय मात्र वेगळी लावावी लागते.

२. साहित्य: थोडं घ्या, नीट घ्या

- ए-४ कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड) कागद, १८० ते २०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), ३० ताव (आठ पानं, दहा वाया, बाकी सराव)
- एचबी आणि २एच पेन्सिल, फिकट निळी पेन्सिल, मऊ खोडरबर
- पिगमेंट शाईची पेनं: ०.१, ०.३, ०.५ आणि ०.८
- वॉटरप्रूफ काळी इंडियन इंक, बुडवून लिहायचा टाक आणि दोन-तीन निब
- गोल ब्रश क्रमांक २ आणि ४ (मोठे काळे भाग भरायला)
- स्टीलची पट्टी, काटकोन गुण्या, मास्किंग टेप
- चुका झाकायला पांढरा पोस्टर रंग

हे सगळं दीड-दोन हजारांच्या आत बसतं.

ए-४ वर काढून ए-५ मध्ये छापा. प्रमाण तेच राहतं, चित्र ७१ टक्के होतं, रेषेतला थरथराट कमी दिसतो आणि मूळ पान साध्या घरगुती स्कॅनरवर मावतं. ए-३ वर काढलं तर प्रत्येक पान दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडत बसावं लागतं.

इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. तिच्यात लाख असते, ती वाळली की पेनाची नळी कायमची बुजते. ती टाक आणि ब्रशसाठीच.

टॅबलेटची घाई नको. पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट तीन ते सहा हजारांत येतो आणि रंगकामाला पुरतो. पडद्याचा टॅबलेट पहिलं मानधन हाती आल्यावर घ्या. सॉफ्टवेअरमध्ये क्रिटा आणि इंकस्केप दोन्ही मोफत आहेत. पहिल्या कॉमिकसाठी यापेक्षा काही लागत नाही.

३. गोष्ट चौकटीत उतरवणं

पाठाचं टाचण काढायची सवय इथे कामाला येते. कोणती गोष्ट आधी सांगायची, कोणती राखून ठेवायची, मुलांचं लक्ष कुठे सुटतं हे शिक्षकाला ठाऊक असतं. पण हीच सवय आड येते ती समजावून सांगण्यात. वर्गात एक मुद्दा तीनदा सांगावा लागतो. कॉमिकमध्ये तो एकदाच, आणि जमेल तेव्हा फक्त चित्रातून.

एक पान घेऊन पाहू. दाभोळच्या धक्क्यावर आजी पोचते आणि धोपाव्याला जाणारी फेरी सुटलेली असते. नवशिक्या लेखणीतून पहिल्या चौकटीवर मजकूर येतो: "त्या दिवशी आजीला खूप उशीर झाला होता आणि फेरी निघून गेली होती." खाली धक्का, फेरी, आजी. गोष्ट एका चौकटीत संपली आणि वाचकाला काहीच करायला उरलं नाही. आता तेच पाच चौकटींत:

पहिली, पानाच्या रुंदीची: खाडी, धक्का, फेरीचा लोखंडी दरवाजा वर उचलला जातोय. आजी लांबवर, टिचभर.
दुसरी: आजीचे धावणारे पाय, पिशवीतून एक आमसूल खाली.
तिसरी: खलाशाचा हात दोर सोडतोय.
चौथी: आजीचा चेहरा, तोंड उघडं. पानावरचा एकमेव फुगा: "ओ, थांबा!"
पाचवी, पुन्हा रुंद: रिकामा धक्का, पाण्यावर फेरीने सोडलेली रेघ, आजी पाठमोरी.

एकही निवेदन नाही, तरी सगळं कळतं. प्रत्येक निवेदनाच्या पट्टीला हा प्रश्न विचारा: पट्टी झाकली तर चित्रातून हे समजतं का? समजत असेल तर पट्टी काढून टाका. उरते ती फक्त चित्रात दाखवता न येणारी माहिती, म्हणजे काळ, ठिकाण, मनातला विचार.

काही मोजमापं:

- ए-५ पानावर चार ते सहा चौकटी. सातव्या चौकटीपासून मराठी अक्षरांची गर्दी होते.
- चौकटींमधली मोकळी जागा मूळ पानावर ५ ते ६ मिलिमीटर.
- आधी बोलणारं पात्र चौकटीत डावीकडे. उलटं काढलं तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात.
- धक्का देणारी घटना सम क्रमांकाच्या पानावर ठेवा. विषम पान उजवीकडे येतं. समोर उघडं असलेलं पान वाचकाच्या नजरेच्या कडेला आधीच पडतं, उलटल्यावर येणारं पान मात्र लपलेलं असतं.
- पेन्सिलीआधी आठही पानांचा काड्यापेटीएवढा कच्चा आराखडा एकाच कागदावर काढा आणि गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. तो जिथे बोट ठेवून थांबेल, तिथली चौकट बदला. या टप्प्यावर बदल पाच मिनिटांत होतो, शाईनंतर अख्खा दिवस जातो.

शक्य असेल त्यांनी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन चित्रकथी जरूर पाहावी. ठाकर समाजाच्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही कला, एकेक चित्र पुढे करत वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं सांगायची. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. तिथल्या पोथ्यांमध्ये एक गोष्ट नीट न्याहाळा: पात्रं एका बाजूने दाखवलेली, डोळे मोठे, आणि नजर व हात समोरच्या पात्रावर रोखलेले. कोण कोणाशी बोलतंय हे एकही अक्षर न लिहिता कळतं. कॉमिकच्या चौकटीत हेच साधायचं असतं. आपल्या उंबऱ्याशी इतकी जुनी चित्रांतून गोष्ट सांगण्याची शाळा असताना फक्त परदेशी कॉमिक्सवर हात बसवणं हे मोठं नुकसान आहे.

४. फुगे आणि मराठी अक्षरं

मराठी कॉमिक्स सर्वात जास्त इथे फसतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी मोठी लिपी (कॅपिटल अक्षरं) वापरतात, ओळी एकमेकींना चिकटल्या तरी चालतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. 'विद्यार्थ्यांनी' हा एकच शब्द पाहा, वर-खाली दोन्हीकडे जागा खातो. म्हणून परदेशी कॉमिकवरून फुग्याचा आकार उचलला की मजकूर मावत नाही आणि मग अक्षरं बारीक केली जातात. तसं करू नका. मजकूर कमी करा. एका फुग्यात पंधरा-वीस शब्द, पानावर शंभरच्या आत.

हाताने लिहिणार असाल तर मूळ पानावर निळ्या पेन्सिलीने शिरोरेषा आखा. अक्षराची उंची ४ मिलिमीटर, वर २, खाली २. दोन शिरोरेषांमध्ये ८ मिलिमीटर अंतर पडतं. छापल्यावर अक्षर पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास येतं आणि चाळिशीचा चष्मा असलेल्यालाही वाचता येतं. आधी अक्षरं लिहा, मग त्याभोवती फुगा काढा, मग मागचं चित्र. फुगा आधी काढला तर शेवटचा शब्द हमखास कडेला दाबला जातो.

संगणकावर फॉण्ट वापरणार असाल तर युनिकोड फॉण्ट घ्या. मुक्ता, बालू, कलम हे मोफत मिळतात, छापील वापराची परवानगीही आहे. निवडण्याआधी ही ओळ टाइप करून पाहा: सुऱ्या, दऱ्या, कऱ्हाड, ॲसिड, ऑफिस, विद्यार्थ्यांनी, शृंगार, ज्ञान, पाऊल. 'दऱ्या'तला अर्धा र आडव्या चिन्हाने आला पाहिजे, रफार होऊन 'दर्या' झाला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही पाहा. काही फॉण्ट हिंदी वळण देतात, मराठी वाचकाला ते लगेच खटकतं.

फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं पाय मोडून वेगळी पडली तर दोष फॉण्टचा नसतो. टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपींसाठीची मांडणी, म्हणजे 'वर्ल्ड-रेडी', निवडावी लागते. सोपा उपाय म्हणजे चित्र क्रिटात आणि अक्षरं इंकस्केपमध्ये. छापखान्याला फाइल देण्याआधी सगळा मजकूर पाथमध्ये बदला, म्हणजे अक्षरांचं रेषाचित्र होतं आणि फॉण्ट लागत नाही. अनेक छापखाने अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टवर काम करतात. तुमचा मजकूर तिथे उघडला तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. न बदललेली प्रत मात्र स्वतःकडे ठेवा, नाहीतर एका ऱ्हस्व-दीर्घासाठी अख्खा फुगा पुन्हा लिहावा लागेल.

ठळकपणासाठी देवनागरीत मोठी लिपी नाही. आवाज चढला की अक्षराचा आकार आणि जाडी वाढवा, फुग्याची कड टोकदार करा. कुजबुजीला तुटक कड. धडाम, छपाक, खळ्ळ असे आवाज फॉण्टमध्ये न टाकता चित्राचा भाग म्हणून हाताने काढा.

मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरीत संवाद असतील तर पहिल्या दिवसापासून एक शब्दयादी ठेवा. 'खंय' की 'खय', 'माका' की 'मका', 'आसा' की 'असा' हे एकदा ठरवायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं. तळटीप देऊन अर्थ सांगू नका. हातवारे आणि चेहरा नीट काढलेला असेल तर "खंय चललंस?" मुंबई-पुण्याच्या वाचकालाही कळतं. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं की दोन आवाज आपोआप वेगळे होतात.

५. पावसाळ्याचा बंदोबस्त

जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर कागद ओलसर होतो, फुगतो, त्यावरचं खळीचं आवरण कमजोर पडतं आणि शाईची रेघ केसाळ पसरते. दोष हाताचा नसतो.

कोरा कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवा आणि दिवसाला लागतील तेवढेच ताव बाहेर काढा. रंग बदलणारे दाणे घ्या. निळे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात. शाई लावण्याआधी कागदाच्या कडेला एक रेघ ओढून पाहा. पसरली तर ताव दोन कोऱ्या कागदांत ठेवून कोमट इस्त्री फिरवा. काम झालेली पानं बटर पेपर घालून आडवी ठेवा, चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात मुळीच नको, त्या भिंती दमट राहतात आणि बुरशी, कसर तिथूनच येते. निब धुऊन, पुसून, पुडीसह डबीत. खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज धरतो.

पान वाळलं की दोन दिवसांत स्कॅन करा. विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे संगणकाला यूपीएस हवाच आणि फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी ऑनलाइन.

६. स्कॅन आणि छपाईची फाइल

रेषाचित्र ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, स्कॅन करा. मग सॉफ्टवेअरमधल्या 'लेव्हल्स'ने कागदाचा करडेपणा पांढरा आणि रेषा पूर्ण काळी करा. रंगीत पान छापील आकारात ३०० डीपीआय. रंगीत छपाईत काळी रेषा फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही रंग मिसळून काळा केला तर छपाईत अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी प्रत्येक रेषेला रंगीत सावली दिसते आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

पहिल्या कॉमिकमध्ये चित्र कागदाच्या कडेपर्यंत नेऊ नका. न्यायचंच असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा चित्र हवं, म्हणजे ए-५ साठी फाइल १५४ बाय २१६ मिलिमीटरची. अक्षरं कडेपासून १० मिलिमीटर आत. मोबाइलने काढलेला फोटो इन्स्टाग्रामला चालतो (तिथे १०८० बाय १३५० पिक्सेल), छपाईला नाही.

७. पैशाचा हिशोब आणि पतपेढी

घरखर्च महिना २५,००० आणि महिन्याला पूर्ण होणारी पानं आठ, तर एका पानाला ३,१२५ रुपये मिळाले तर फक्त खर्च भागतो. कर, आजारपण, काम नसलेले महिने धरले की तुमचा किमान दर याच्या दीडपट तरी हवा. असा स्वतःचा आकडा काढल्याशिवाय कोणाला दर सांगू नका.

बारा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मानधन काम दिल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येतं, आणि जूनमधली मुलांची फी व गणपतीचा खर्च त्यासाठी थांबत नाहीत.

शिक्षक पतपेढीचं कर्ज असेल तर आधी ते पाहा. तुमच्या कर्जाला तुमचेच सहकारी जामीन असतात. पगारातून कपात थांबली की वसुली त्यांच्या पगाराकडे वळते. कर्ज फेडा किंवा रीतसर पुनर्रचना करून घ्या, आणि जामीनदारांना समक्ष भेटून सांगा. आरोग्य विमाही नोकरीत असतानाच काढा, कारण जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो.

८. नोकरी सोडण्याची रीत

तुमची शाळा कोणत्या प्रकारची, त्यावर सगळं अवलंबून आहे.

*खासगी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळा:* १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू होते. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची, कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख. एक प्रत संस्थेला नोंदणीकृत टपालाने, दुसरी स्वतःकडे. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आहे, म्हणून काउंटरवर नोंदणीची जोडसेवा आणि पोचपावती मागून घ्या.

इथला मोठा सापळा तारखेचा. सुटीत नोटीस देता येत नाही, नोटिशीचे महिने सुटीवर येतील अशीही देता येत नाही, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभरात देता येत नाही. मग उरतात दोन खिडक्या: जुलैच्या मध्यानंतर लगेच, म्हणजे दिवाळीच्या सुटीआधी तीन महिने भरतात (दिवाळी लवकर असेल त्या वर्षी दिवस मोजून पाहा), किंवा दिवाळीची सुटी संपल्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत. दुसरी खिडकी बरी. जानेवारीच्या उत्तरार्धात दिली तर मुलांचं वर्ष पूर्ण होतं आणि संस्थेला जूनसाठी माणूस शोधायला वेळ मिळतो.

*जिल्हा परिषद शाळा:* १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांनी 'राजीनामा' हा शब्द लिहिण्याआधी दहादा विचार करावा. राजीनाम्याने आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन शाबूत राहतं. खंड किंवा बिनपगारी रजांमुळे ही सेवा अजून अठरा-एकोणीस वर्षंच भरत असेल तर थांबा. त्या दोन वर्षांत पंधरवड्याला एक पान काढलं तरी पन्नास पानं होतात. २००५ नंतरच्यांनी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून मुदतीआधी बाहेर पडताना किती रक्कम हाती आणि किती अ‍ॅन्युइटीत जाते, ते आधी लेखी काढून घ्यावं. मोठा हिस्सा ॲन्युइटीत, म्हणजे पुढे हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या निवृत्तिवेतनात, अडकतो.

नोकरीत असताना मानधन घेऊन काम करायचं असेल तर दोन्ही प्रकारच्या शाळांत आधी लेखी परवानगी मागा. रजेवर असतानाही सेवेचे नियम लागूच असतात.

सोडताना हाती असायला हवेत असे कागद:

- नियुक्तीपत्र आणि शिक्षणाधिकाऱ्यांचा वैयक्तिक मान्यतेचा आदेश
- सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत, सर्व नोंदी व सह्या तपासून
- राजीनामा किंवा निवृत्ती मंजुरीचं पत्र आणि कार्यमुक्ती आदेश
- अंतिम वेतन प्रमाणपत्र, पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र
- भविष्य निर्वाह निधी किंवा प्रान (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेच्या) खात्याचा उतारा
- ना-देय दाखला (ग्रंथालय, प्रयोगशाळा, पोषण आहाराचा हिशोब)
- अनुभव प्रमाणपत्र

खासगी, अगदी विनाअनुदानित शाळेतही पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क आहे. न मागता ते क्वचितच मिळतं.

९. छापणं आणि विकणं

पहिल्या पन्नास प्रती झेरॉक्सवर काढा. सोळा पानी ए-५ पुस्तिकेला ए-४ चे चार कागद दोन्ही बाजूंनी आणि वर रंगीत मुखपृष्ठ, प्रत तीस-चाळीस रुपयांच्या आसपास पडते. पानसंख्या कायम चारच्या पटीत, नाहीतर सेंटर पिन बसत नाही. पाचशेच्या पुढे गेलात तरच ऑफसेट परवडतं. काही झालं तरी आधी एक डमी प्रत मागा आणि पानांचा क्रम स्वतः उलटून तपासा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत आहे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. क्रमांकासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नका. पुस्तिकेवर प्रकाशक आणि मुद्रकाचं नाव छापा.

१०. कामं आणि करार

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, आणि आजही नव्या चित्रकाराला तिथे दार उघडं असतं. पण अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात म्हणून सप्टेंबरमध्ये पाठवू नका. जूनमध्ये संपादकांना दोन छापील पानं आणि चार ओळींची गोष्ट पाठवा. मुलांसाठी काढत असाल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आधी वर्षभराचे अंक चाळून मग गाठा.

शिक्षकाला सर्वात लवकर मिळणारं काम म्हणजे माहितीपर कॉमिक: दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या विस्तार कार्यासारखं क्षेत्र, खारफुटी, वेळासची कासवं, राजापूर-रत्नागिरीकडची कातळशिल्पं, आरोग्याच्या मोहिमा. अवघड विषय पाचवीच्या मुलाला कळेल असा सांगणं हे तुमचं खरं कौशल्य, आणि निव्वळ चित्रकाराकडे ते सहसा नसतं. नमुना म्हणून अशा एखाद्या विषयावर चार पानं तयार ठेवा. पाठ्यपुस्तकातल्या कवितेचं किंवा धड्याचं कॉमिक मात्र परवानगीशिवाय करू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि पुस्तकाचा हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे असतो.

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण लेखी आणि दोघांच्या सहीचा. त्यात हे हवं: पानं किती, रंगीत की काळी-पांढरी, बदल किती वेळा (पेन्सिलीवर दोनदा, शाईनंतर वेगळे पैसे), पैसे कधी (४० टक्के आधी, ३० पेन्सिलीनंतर, ३० अंतिम फाइल देण्याआधी), आणि हक्क किती. हक्क विकताय की एका आवृत्तीपुरते वापरायला देताय, ते स्पष्ट लिहा. कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ दिसली तर दर दुप्पट मागा किंवा ओळ काढायला सांगा. मूळ कागदावरची पानं तुमच्याकडेच राहतील, हेही लिहून घ्या.

उद्यम नोंदणी (सरकारकडे छोटा व्यावसायिक म्हणून होणारी नोंद) आधार आणि पॅनवर मोफत होते, ती करून ठेवा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं ग्राहकावर बंधनकारक होतं, आणि स्मरणपत्रात हा आकडा लिहिला की उत्तर लवकर येतं. मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने कापून भरायचा आयकर) कापला जाऊ शकतो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला पाहा. पगारात कर आपोआप कापला जायचा, आता वर्षाचा कर १०,००० च्या वर जाणार असेल तर आगाऊ कर स्वतः भरायचा आहे: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च.